शुक्रवारी संध्याकाळी मूल कोणाकडे?

१. लोक काय विचारतात

चेन्नईच्या दक्षिणेला असलेलं वेलचेरी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत झपाट्याने वाढलं ते आयटीच्या नोकऱ्यांमुळे. शेजारी तरमणी, तिथे २००० साली सुरू झालेलं टायडल पार्क आणि पुढे जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरची कंपन्यांची रांग. या भागातल्या सोसायट्यांत पुण्या-नागपूरकडून आलेली मराठी जोडपीही राहतात. दोघांच्या नोकऱ्या इथल्या, मुलाची शाळा इथली आणि सगळं गणगोत महाराष्ट्रात. अशा घरात घटस्फोटाची वेळ आली की प्रश्न पडतात ते बहुधा असे: मूल पाच वर्षांच्या आतलं असलं की आईलाच मिळतं ना? पगार माझा जास्त आहे, मग ताबा मलाच ना? आम्ही मूळचे पुण्याचे, मग मुलाचा खटला पुण्यात चालेल का? मुलीलाच विचारतील का, तुला कोण हवं?

प्रश्न खरे आहेत आणि प्रत्येकाला उत्तर आहे. पण या सगळ्यांत ‘मूल कोणाला मिळणार’ हे गृहीत धरलेलं असतं. मूल कोणाला मिळत नसतं. मुलाला काय मिळणार, हा न्यायालयापुढचा प्रश्न असतो, आणि तो तसा विचारला की बाकीची उत्तरं समजायला सोपी जातात. म्हणून आधी तीन शब्द नीट समजून घेऊ.

२. पालकत्व, ताबा, भेट

शाळेचा डबा कोण भरतं, ताप आला तर रात्री उशाशी कोण बसतं, हा झाला ताबा. मूल रोज ज्याच्या घरी झोपतं, त्याच्याकडे ताबा. शाळा कोणती, शस्त्रक्रिया करायची की नाही, मुलाच्या नावावरच्या पैशांचं काय करायचं, अशा निर्णयांवर सही करण्याचा अधिकार म्हणजे पालकत्व. आणि ताबा ज्याच्याकडे नाही, त्याने मुलाला केव्हा, कुठे आणि किती वेळ भेटायचं, ही झाली भेटीची व्यवस्था. ताबा आईकडे गेला म्हणजे वडिलांचं पालकत्व संपलं, असं होत नाही. घटस्फोट नवरा-बायकोचा होतो, आई-बापाचा होत नाही.

पालकत्वाच्या बाबतीत आपला कायदा बराच काळ वडिलांच्या बाजूला झुकलेला होता. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या सहाव्या कलमात लिहिलंय की मुलाचा नैसर्गिक पालक वडील, आणि ‘त्यांच्यानंतर’ आई. हिंदूंप्रमाणेच बौद्ध, जैन आणि शीखही या कायद्याखाली येतात. १९८४ साली लेखिका गीता हरिहरन यांनी आपल्या लहान मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला अर्ज केला, पालक म्हणून स्वतः सही केली. नवऱ्याची संमती होती. तरीही बँकेने सांगितलं, वडिलांची सही आणा, नाहीतर न्यायालयाकडून पालकत्वाचा दाखला आणा. त्यांनी आणि त्यांच्या नवऱ्याने मिळून सर्वोच्च न्यायालय गाठलं. त्याच सुमारास पर्यावरणाच्या क्षेत्रातल्या वंदना शिवा यांचा घटस्फोटाचा दावा चालू होता आणि मुलाचा नैसर्गिक पालक फक्त मीच, असं त्यांच्या पतीचं म्हणणं होतं. दोन्ही याचिका एकत्र ऐकल्या गेल्या. फेब्रुवारी १९९९ मध्ये निकाल लागला: ‘वडिलांनंतर’ म्हणजे केवळ वडिलांच्या मृत्यूनंतर नव्हे, वडील मुलाची जबाबदारी प्रत्यक्षात घेत नसतील, दूर असतील किंवा दोघांनी तसं ठरवलं असेल, तर वडील हयात असतानाही आईच नैसर्गिक पालक.

निकाल मोठा होता. कलमातले शब्द मात्र तसेच राहिले. म्हणून घटस्फोटाच्या संमतीपत्रात ‘पालकत्व दोघांचं राहील, आणि शाळा, वैद्यकीय उपचार व बँक यांसाठी आईची एकटीची सही पुरेल’ असं स्पष्ट लिहून घेणं आजही शहाणपणाचं आहे.

३. न्यायालय काय पाहतं

एकच गोष्ट: मुलाचं हित. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याचं सतरावं कलम न्यायाधीशाला मुलाचं वय, लिंग, धर्म, पालकाचा स्वभाव आणि कुवत बघायला सांगतं. मूल समजून-उमजून मत देण्याइतकं मोठं असेल तर त्याचं मतही विचारात घेण्याची मुभा देतं. १९५६ च्या कायद्याचं तेरावं कलम तर मुलाचं हित हाच सर्वांत मोठा विचार, असं थेट म्हणतं.

आता वरचे प्रश्न घेऊ. पाच वर्षांखालचं मूल ‘सामान्यतः’ आईकडे असावं, असं कायदा म्हणतो. या ‘सामान्यतः’ला वजन किती, हे २०१५ च्या एका खटल्यात दिसलं. खटला गोव्यातला होता. मूल अगदी तान्हं. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचा आदेश वडिलांच्या बाजूने गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि सांगितलं की एवढ्या लहान वयात आई अयोग्य आहे हे सिद्ध करण्याचा भार वडिलांवर आहे, आपण योग्य आहोत हे आईने सिद्ध करत बसायचं नाही. पण मूल पाच वर्षांचं झालं म्हणजे ते आपोआप वडिलांकडे जातं, हा समजही तितकाच चुकीचा. पाचव्या वाढदिवसाला काहीही आपोआप घडत नाही.

पगाराचं उत्तर सरळ आहे. ज्याच्याकडे पैसे जास्त त्याने खर्च जास्त द्यायचा. त्यावरून ताबा ठरत नाही. आणि मुलीला विचारतील का? विचारू शकतात, बहुधा न्यायाधीश आपल्या दालनात, आई-वडिलांना बाहेर बसवून बोलतात. अमुक वयानंतर मुलाचं मत बंधनकारक, असा नियम कायद्यात नाही. नऊ-दहा वर्षांचं मूल कुणीतरी पढवलेलं वाक्य बोलतंय की मनातलं, हे अनुभवी न्यायाधीशाला लवकर कळतं. आई-वडिलांनी मुलाला ‘साक्षीला’ तयार करू नये, याचं हे एक कारण. त्याहून मोठं कारण असं की दोघांपैकी एकाला निवडल्याचं ओझं ते मूल पुढे कितीतरी वर्षं वाहतं.

हे सगळं नेहमीच असं नव्हतं. इंग्लंडमध्ये १८३९ पर्यंत वैध लग्नातल्या मुलांवर कायद्याने वडिलांचाच हक्क होता. कॅरोलाइन नॉर्टन या लेखिकेचे तीन मुलगे तिच्या नवऱ्याने नेले आणि तिला भेटू दिलं नाही. तिने पत्रकं लिहिली, खासदारांना गाठलं, आणि त्यातून त्या वर्षीचा कायदा झाला. सात वर्षांखालच्या मुलांच्या ताब्यासाठी आणि मोठ्या मुलांच्या भेटीसाठी आईला अर्ज तरी करता येऊ लागला. लहान मूल आईजवळ, हा विचार तिथून निघाला.

आपल्याकडे या बाबतीत वकील अजूनही आठवण काढतात ती १९७३ च्या रोझी जेकब खटल्याची. तो मद्रास उच्च न्यायालयातूनच सर्वोच्च न्यायालयात गेला होता. मुलं ही आई-वडिलांची मालमत्ता नव्हेत आणि खेळणीही नव्हेत, असं न्यायालयाने तेव्हा बजावलं. त्याच निकालातली दुसरी गोष्ट लोकांना कमी माहीत असते: ताब्याचा आदेश कधीच कायमचा अंतिम नसतो. परिस्थिती बदलली, मूल मोठं झालं, कुणाची बदली झाली, तर तो बदलून मागता येतो.

४. कोणतं न्यायालय

ताब्याचा अर्ज मूल जिथे नेहमी राहतं तिथल्या न्यायालयात करायचा, हा १८९० च्या कायद्याचा नियम. आई-वडील मूळचे कुठले, लग्न कुठे लागलं, याला इथे महत्त्व नाही. मूल वेलचेरीत राहतं आणि तिथल्या शाळेत जातं, तर अर्ज चेन्नईच्या कौटुंबिक न्यायालयात. हे न्यायालय जुन्या शहरात, उच्च न्यायालयाच्या आवारात आहे. वेलचेरीहून उन्नत लोकलने बीच स्टेशनच्या दिशेने गेलं की फोर्ट स्टेशनावरून ते जवळ पडतं. मुलाला घाईघाईने पुण्याला नेऊन तिथे अर्ज टाकण्याचा मोह अनेकांना होतो. चार आठवड्यांचा मुक्काम म्हणजे ‘नेहमीचं राहणं’ नव्हे, आणि असा प्रयत्न न्यायाधीशांच्या नजरेत भरतो.

कौटुंबिक न्यायालयं १९८४ च्या कायद्याने आली. महाराष्ट्रात ती १९८९ साली पुणे आणि मुंबईत सुरू झाली. आधी समेटाचा प्रयत्न करणं हे त्यांचं कर्तव्य आहे. सुनावणी बंद दाराआड घेता येते आणि समुपदेशकांची मदत मिळते. चेन्नईच्या न्यायालयाच्या आवारात बालसंगोपन केंद्र आहे. ज्या जोडप्यांची एकमेकांचं तोंड बघायचीही तयारी नसते, त्यांची मुलं तिथे दुसऱ्या पालकाला भेटतात. त्याच परिसरात २००५ पासून मध्यस्थी केंद्रही चालू आहे. ताब्याच्या बाबतीत मध्यस्थाच्या टेबलावर झालेला समझोता हा बहुतेक वेळा निकालापेक्षा चांगला टिकतो, कारण त्यातले बारकावे आई-वडिलांनीच घातलेले असतात.

५. चहा-फराळाचा आदेश

२०२२ साली मद्रास उच्च न्यायालयात भेटीचं एक प्रकरण आलं. मुलगी दहा वर्षांची, राहत होती आईकडे. वडिलांना भेटायचं होतं. न्यायमूर्ती कृष्णन रामसामी यांनी भेटीची परवानगी दिली आणि आणखी पुढे जाऊन सांगितलं की मुलीला भेटायला आलेल्या जोडीदाराला पाहुण्यासारखं वागवावं, ‘अतिथी देवो भव’ या भावनेने. चहा-फराळ द्यावा, जेवणही मुलीसोबत व्हावं. आई-वडील एकमेकांशी कसे वागतात हे मूल बघत असतं, हा त्यामागचा विचार होता.

या आदेशाची देशभर चर्चा झाली. आई अपिलात गेली. त्याच वर्षी न्यायमूर्ती परेश उपाध्याय आणि न्यायमूर्ती डी. भरत चक्रवर्ती यांच्या खंडपीठाने तेवढा भाग रद्द केला. दोघांनी एकमेकांशी कसं वागावं, हे न्यायालयाने सांगण्याची गरज नव्हती, असं त्यांनी म्हटलं. भेटीचा हक्क मात्र राहिला.

मला खंडपीठाचं म्हणणं पटतं. चहा द्यावा असा आदेश झाला की उद्या चहा गार होता म्हणून अवमान याचिका दाखल होणार. शिवाय ज्या बाईने त्याच माणसाचा त्रास सोसलाय, तिला त्याच्यासाठी ताट वाढायला लावणं अन्यायाचं आहे. तरीही एकल न्यायमूर्तींना जी काळजी वाटत होती, ती खरी होती. दार उघडलं, वडील आत आले, आईने मान फिरवली आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावलं. पुढचे दोन तास मुलगी वडिलांशी हळू आवाजात बोलते. हसू आलं तर बंद दाराकडे बघते. हे कुठल्याही आदेशाने थांबत नाही. थांबवायचं असेल तर दोन वाक्यं पुरेशी आहेत: ‘आलास? ती तयार आहे.’ आणि परत सोडताना, ‘जेवलीये. गणिताची वही बॅगेत आहे.’ यात प्रेम नाही, मैत्रीही नाही. मुलीला मात्र कळतं की वडिलांकडे जाणं म्हणजे आईशी बेइमानी नव्हे.

घरी भेटणं जमत नसेल तर घराबाहेर भेटा. बाग, वाचनालय, मॉल, काहीही चालेल. वेलचेरीत मॉल हाताशी आहेत. पण दर आठवड्याला मॉलमध्ये तीन तास म्हणजे बाप पाकीट घेऊन येणारा पाहुणा होऊन बसतो. गृहपाठ, केस कापणं, आजारपणात बसून राहणं, या कंटाळवाण्या गोष्टींतूनच पालक घडतो. भेटीत त्या असायला हव्यात.

६. लिहून काढलेलं वेळापत्रक

एकमेकांवर विश्वास असलेल्या घरात वेळापत्रक लागत नाही. एसटीच्या स्थानकावर लागतं, कारण तिथे प्रवासी आणि चालक एकमेकांना ओळखत नाहीत. विभक्त झालेल्या आई-वडिलांनी निदान पहिली दोन वर्षं स्थानकाची पद्धत पाळावी. ‘वडिलांना वाजवी भेट मिळेल’ या एका ओळीतून जितकी भांडणं निघतात, तितकी क्वचितच दुसऱ्या कशातून निघत असतील.

उदाहरण घेऊ. समजा, आठ वर्षांची मुलगी आईसोबत वेलचेरीत राहते. वडिलांची बदली पुण्याला झालीये. दोघांचं ठरलं: महिन्यातून एकदा वडील चेन्नईला येणार, सुट्ट्या वाटून घ्यायच्या, दिवाळी वडिलांकडे. ऐकायला छान आहे. आता खोलात शिरू.

दिवाळी म्हणजे कोणती? तमिळनाडूत दीपावली मुख्यतः नरकचतुर्दशीची. पहाटे तेल लावून अंघोळ, आणि दिवसभर एकमेकांना ‘गंगास्नानम् आच्चा?’ म्हणजे ‘गंगास्नान झालं का?’ असं विचारायचं. शाळेला सुट्टीही तेवढ्यापुरतीच. पुण्यात बसलेल्या वडिलांच्या डोक्यात मात्र वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंतची दिवाळी आणि शाळांची लांबलचक सुट्टी असते. ते विमानाचं तिकीट काढतात आणि आई म्हणते, ‘अरे, सोमवारी तिची शाळा आहे!’ दोघंही आपल्या जागी बरोबर असतात आणि भांडण पेटतं. म्हणून कागदावर लिहायचं ते असं: चेन्नईच्या शाळेच्या कॅलेंडरनुसार, दीपावलीची सुट्टी एक वर्ष आईकडे, एक वर्ष वडिलांकडे, मोठा मुक्काम मे महिन्यात, कारण ती सुट्टी दोन्हीकडे आहे. सप्टेंबरअखेरची तिमाही परीक्षेनंतरची सुट्टी, नाताळची सुट्टी आणि पोंगल यांचीही वाटणी लिहायची.

मग पाऊस. चेन्नईचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा. डिसेंबर २०१५ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२३ च्या मिचाँग वादळात वेलचेरीत पाणी भरलं. दोन्ही वेळा विमानतळही बंद पडला होता. अशा वेळी हुकलेली भेट कुणी बुडवली? कुणीच नाही. पण ‘भेट हुकली तर पुढच्या दोन शनिवार-रविवारांपैकी एका वेळी भरून काढायची’ हे वाक्य आधी लिहिलेलं नसेल, तर वडिलांना वाटतं आपला हक्क मारला गेला.

विमानाने पुणे ते चेन्नई पावणेदोन तास लागतात, रेल्वेने एक रात्र आणि एक दिवस. मुलीला कोण आणणार, तिकीट कोण काढणार, विमानतळावर ती कुणाच्या हातातून कुणाच्या हातात जाणार, हेही लिहा. फोनचंही तसंच. २०२० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने सुचवलं की ताबा नसलेल्या पालकाला रोज पाच-दहा मिनिटं मुलाशी बोलता यावं, शक्यतो व्हिडिओवर. आठ वर्षांच्या मुलीसाठी साडेसातला, जेवणाआधी, ही वेळ चांगली. ‘कधीही कर’ म्हटलं की फोन नेमका झोपेच्या किंवा शिकवणीच्या वेळी येतो.

आणि आजी-आजोबा. वेलचेरीतलं मराठी मूल शाळेत तमिळ आणि इंग्रजी बोलतं. त्याच्या आयुष्यातलं मराठी बहुतेक वेळा पुण्या-साताऱ्याच्या आजीच्या तोंडून आलेलं असतं. घटस्फोटात एका बाजूचे आजी-आजोबा तुटले की मुलाची अर्धी माणसं आणि पुष्कळशी भाषा एकदम जाते. आठवड्यातून एक फोन आजीला, हे कलम फुकटात घालता येतं. माझ्या मते ते प्रत्येक संमतीपत्रात असावं.

७. खर्च

मुलाचा खर्च दोघांनी आपापल्या कुवतीप्रमाणे उचलायचा. दोघांचं उत्पन्न आणि मालमत्ता प्रतिज्ञापत्रावर जाहीर करण्याचा नमुना सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालात घालून दिला. मुलाच्या तात्पुरत्या खर्चाचा अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा, असं हिंदू विवाह कायद्याचं सव्विसावं कलम सांगतं. आणि एक गोष्ट पक्की धरा: पैसे थकले म्हणून भेट अडवता येत नाही, भेट मिळाली नाही म्हणून पैसे थांबवता येत नाहीत. दोन्ही हक्क मुलाचे आहेत.

८. शहर बदललं, देश बदलला तर

न्यायालयाने नेमलेल्या पालकालाही मुलाला त्या न्यायालयाच्या हद्दीबाहेर राहायला न्यायचं असेल तर परवानगी लागते. परदेशाचा प्रश्न अधिक अवघड. एका पालकाने मूल दुसऱ्या देशात नेलं तर ते त्वरेने परत पाठवण्याचा १९८० चा हेग करार शंभरहून अधिक देशांनी स्वीकारलाय, भारताने नाही. त्यामुळे परदेशातून भारतात आणलेल्या मुलाचा प्रत्येक खटला इथे नव्याने, मुलाच्या हिताच्या कसोटीवर लढवावा लागतो, आणि त्यात वर्षं जातात. पासपोर्ट कुणाकडे राहील, प्रवासाआधी किती दिवस कळवायचं, हे संमतीपत्रात आधीच ठरवून टाका.

दोघांकडे मिळून ताबा असावा, असा विचार आपल्याकडे विधी आयोगाने मे २०१५ च्या २५७ व्या अहवालात सविस्तर मांडला. आयोगाचे अध्यक्ष होते न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा, जन्माने सोलापूरचे आणि एकेकाळी मद्रास उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती. वडिलांना आईच्या वर ठेवणारे सहाव्या कलमातले शब्द काढावेत आणि संयुक्त ताब्याची सोय कायद्यात असावी, असं अहवाल म्हणतो. मात्र संयुक्त ताबा हाच नेहमी योग्य, असं गृहीत धरायला आयोगाने नकार दिला. ते बरोबरच आहे. वेलचेरी आणि पुणे असे दोन शहरांत राहणारे आई-वडील आठवडा अर्धा-अर्धा वाटून घेऊ शकत नाहीत. मूल शाळेत जाणार की विमानात?

९. जिथे भेट थांबवावी लागते

आतापर्यंतचं सगळं दोन बऱ्या पालकांबद्दल होतं. घरात मारहाण झाली असेल, मुलाला धोका असेल, तर गोष्ट वेगळी. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं एकविसावं कलम दंडाधिकाऱ्याला तात्पुरता ताबा आईकडे देण्याचा आणि भेट मुलाला घातक असेल तर ती नाकारण्याचा अधिकार देतं. तिथे समजुतीचे सल्ले कुणी देऊ नयेत, नातेवाइकांनी तर नाहीच.

पण बहुसंख्य घरांत धोका नसतो, राग असतो. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ मेव्हिस हेदरिंग्टन यांनी तीन दशकं सुमारे १४०० कुटुंबांचा अभ्यास केला. घटस्फोटित घरांतल्या मुलांपैकी साधारण २५ टक्के मुलांना गंभीर मानसिक-सामाजिक अडचणी आल्या. एकत्र राहिलेल्या घरांत हे प्रमाण १० टक्के होतं. म्हणजे धोका वाढतो हे खरं, आणि चारातली तीन मुलं सावरतात हेही खरं. आई-वडिलांचं न संपणारं भांडण मुलाला सर्वांत जास्त त्रास देतं, आणि ते कमी करणं तुमच्या हातात असतं.

ज्यांना एकमेकांशी बोलणंच अशक्य आहे, त्यांनी बोलू नये. निरोप लेखी, फक्त मुलाबद्दल, आणि मुलाच्या हाती कधीच नाही. घर प्रत्येकाचं वेगळं, नियमही थोडे वेगळे; मुलं ते सहज सांभाळतात.

तेव्हा वकिलाकडे जाण्याआधी दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत का होईना, पण शाळेचं कॅलेंडर समोर ठेवून पुढच्या बारा महिन्यांचा कागद भरा: प्रत्येक शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता मूल कुठे असेल आणि त्याला तिथे कोण पोहोचवेल. दोन्ही कागद मध्यस्थापुढे ठेवा. बरेचसे रकाने जुळलेले निघतील. उरलेल्यांवरच बोला, आणि ते जुळल्याशिवाय संमतीपत्रावर सही करू नका.